शंभरातले सव्वीस

दिवाळीच्या तोंडावर बारामती-इंदापुरात पैसा दोनदा हलतो. आधी तो खात्यावर येतो. कारखान्याचा दिवाळीचा हप्ता, दूध संस्थेचा फरक, एमआयडीसीतला बोनस. मग चार दिवसांत तो बाजारपेठेत उतरतो. कपडे, किराणा, फटाके आणि या सगळ्यांच्या मधोमध काचेच्या कपाटात उजेडात मांडलेल्या बाटल्या, डब्या आणि लिपस्टिकच्या कांड्या. टेक्स्टाइल पार्कात शिलाई करणारी मुलगी पहिल्या बोनसमधून आईला साडी घेते आणि स्वतःला लिपस्टिक. यात नाक मुरडण्याजोगे काही नाही. कष्टाचा पैसा आहे, सणाचा दिवस आहे.

लक्ष्मीपूजनाला वहीवर कुंकवाचे स्वस्तिक काढायचे आणि पाडव्याला नवा हिशेब उघडायचा, ही आपली रीत. यंदा आपल्या वहीशेजारी आणखी एक वही उघडून ठेवावी असे वाटते. ती त्या लिपस्टिकवाल्यांची. ऊस पिकवणारा मुलूख आणि रंग विकणारी कंपनी यांचे जमाखर्च एकमेकांशेजारी ठेवले, की दोहोंपैकी कोण काय विकतो हे स्वच्छ दिसते.

आपल्याकडच्या प्रसाधनांतले सर्वांत ओळखीचे नाव मुळात लक्ष्मीचेच आहे. 1952 मध्ये टाटा ऑइल मिल्सने फ्रेंच कंपन्यांच्या सहकार्याने ‘लॅक्मे’ सुरू केली. सधन घरांतल्या स्त्रिया परदेशी प्रसाधने मागवतात आणि त्यात देशाचे परकीय चलन जाते, ही पंडित नेहरूंची चिंता त्यामागे होती, असे सांगतात. लिओ डेलिब या फ्रेंच संगीतकाराच्या 1883 च्या संगीतिकेचे हे नाव. लक्ष्मीचा फ्रेंच उच्चार. म्हणजे भारतीय देवीचे नाव पॅरिसला जाऊन आले, तेव्हा कुठे ते मुंबईच्या काउंटरवर चालले. सिमोन टाटा 1961 मध्ये संचालक मंडळावर आल्या, 1982 मध्ये अध्यक्ष झाल्या आणि नेलपॉलिशच्या बाटलीला मध्यमवर्गीय घराच्या आरशापुढे जागा मिळाली.

पुढची गोष्ट हिशेबाची आहे. 1993 मध्ये टाटा ऑइल मिल्स हिंदुस्थान लिव्हरमध्ये (आजची हिंदुस्थान युनिलिव्हर) विलीन झाली. नरकचतुर्दशीला आपल्या न्हाणीघरात येणारा ‘मोती’ साबणही त्याच वाटेने गेला. 1996 मध्ये लॅक्मे आणि लिव्हर यांची निम्म्या-निम्म्या भागीदारीची कंपनी झाली आणि 1998 मध्ये टाटांनी आपला वाटा आणि लॅक्मेचे नाव सुमारे 200 कोटी रुपयांना विकून टाकले. त्या पैशांतून ‘ट्रेंट’ आणि ‘वेस्टसाइड’ची कपड्यांची दुकाने उभी राहिली. त्या 200 कोटींत खरी किंमत कशाची होती? यंत्रे वजनावर विकता येतात, इमारत चौरस फुटावर. रंग आणि मेण तर कोणीही आणू शकतो. किंमत होती ती काउंटरवरच्या बाईने डोळे मिटून मागावे अशा तीन अक्षरी विश्वासाची, ‘लॅक्मे द्या’ या वाक्याची.

आता जगातल्या सर्वांत मोठ्या प्रसाधन कंपनीची वही पाहू. लॉरेआल. युजीन श्युलर या रसायनशास्त्रज्ञाने केसांच्या कलपापासून 1909 मध्ये सुरू केलेली. तिचा एक कारखाना आपल्याच पुणे जिल्ह्यात, चाकणला आहे. 2024 मध्ये तिची विक्री 43.48 अब्ज युरो होती, रुपयांत जवळजवळ चार लाख कोटी. त्या विक्रीतल्या प्रत्येक शंभर रुपयांची फोड अशी : माल तयार करण्याचा खर्च सुमारे 26 रुपये. त्यात कच्चा माल आला, बाटली आली, खोके आले, कामगारांची मजुरी आणि कारखानाही आला. संशोधनावर 3 रुपये. विक्री आणि कार्यालयीन खर्च सुमारे 19. नफा 20. आणि जाहिरात व प्रसिद्धीवर 32. बाटलीत जे आहे त्यापेक्षा बाटलीबद्दल जे बोलले जाते त्यावर अधिक खर्च, आणि हा आकडा कंपनी लपवत नाही. स्वतःच्या वार्षिक अहवालात ती तो छापते.

याच्या शेजारी साखरेची वही ठेवा. रंगराजन समितीने 2012 मध्ये सूत्र दिले : साखर आणि मळी, बगॅस, प्रेसमड यांपासूनच्या उत्पन्नातले 70 टक्के, किंवा नुसत्या साखरेच्या उत्पन्नातले 75 टक्के, ऊस उत्पादकाला. महाराष्ट्राने 2013 मध्ये त्यावर कायदाच केला. सोमेश्वर असो, माळेगाव असो, भवानीनगरचा छत्रपती असो की इंदापूरचे कर्मयोगी आणि नीरा-भीमा, सगळ्यांच्या वहीचा सांगाडा हाच. कच्च्या मालाला सत्तरपेक्षा अधिक, उरलेल्यात कारखाना, पगार, व्याज आणि नशीब. नावाचा रकाना जवळपास कोराच.

वाटणीच्या न्यायाने पाहिले तर आपली वही कितीतरी अधिक सचोटीची आहे. शंभरातले सत्तर पिकवणाऱ्याला देणारा धंदा जगात फार सापडत नाही. अडचण वाटणीची नाही, शंभराच्या आकाराची आहे. 2025-26 च्या हंगामासाठी केंद्राने 10.25 टक्के साखर उताऱ्याला टनामागे 3,550 रुपये एफआरपी (रास्त आणि किफायतशीर दर) ठरवली, आणि तीही तोडणी-वाहतूक वजा जाऊनच शेतकऱ्याच्या हातात पडते. साखरेचा किमान विक्री दर फेब्रुवारी 2019 मध्ये किलोला 31 रुपये ठरला, तो पुढे वर्षानुवर्षे तिथेच बसून राहिला. उसाचा दर दिल्लीत ठरतो आणि साखरेचा तळही दिल्लीत. लिपस्टिकचा दर मात्र लिपस्टिकवाला ठरवतो. आपण मोठ्या न्यायाने छोटी भाकरी वाटतो. तिकडे भाकरी इतकी मोठी, की पीठवाल्याला चतकोर मिळाला तरी कोणी ओरडत नाही.

दुसरा फरक खेळत्या भांडवलाचा, आणि तो सभासदाला सहसा दिसत नाही. आपला कारखाना चार-पाच महिन्यांत साखर बनवतो आणि वर्षभर विकतो. उसाचे पैसे मात्र चौदा दिवसांत द्यायचे, असा कायदा. मग गोदामातली पोती बँकेकडे तारण ठेवायची, उचल घ्यायची आणि साखर विकली जाईपर्यंत व्याज भरत राहायचे. हिंदुस्थान युनिलिव्हरसारख्या कंपनीची गंगा उलटी वाहते. वितरकाकडून पैसे लवकर येतात, पुरवठादाराला ते सावकाश जातात. त्यामुळे तिचे खेळते भांडवल उणे असते. म्हणजे दुसऱ्यांच्या पैशावर तिचा रोजचा धंदा चालतो, तोही बिनव्याजी. हे कशाच्या जोरावर? दुकानदाराला तो माल ठेवावाच लागतो म्हणून. आणि ठेवावा लागतो कारण गिऱ्हाईक नाव घेऊन मागते. साखर कोणी नाव घेऊन मागत नाही. ‘दोन किलो साखर द्या’, एवढेच.

नावाला भाडे असते, हेही याच कंपनीच्या वहीत दिसते. जानेवारी 2023 मध्ये तिने परदेशी पालक कंपनीला नाव, तंत्रज्ञान आणि सेवांपोटी द्यायची रक्कम विक्रीच्या 2.65 टक्क्यांवरून तीन वर्षांत टप्प्याटप्प्याने 3.45 टक्क्यांवर न्यायचे ठरवले. साठ हजार कोटींच्या घरातल्या विक्रीवर हा फरक किती होतो, ते प्रत्येकाने आपल्या कारखान्याच्या उलाढालीशी ताडून पाहावे. आणि ज्यांना वाटते की दूधवाल्याचा या रंगाच्या दुनियेशी काय संबंध, त्यांच्यासाठी एक नोंद : दुधाच्या पदार्थांवर मोठ्या झालेल्या नेस्लेने 1974 मध्येच लॉरेआलमध्ये हिस्सा घेतला. आजही सुमारे पाचवा हिस्सा तिच्याकडे आहे. दुधाच्या धंद्यात हयात काढलेल्या माणसांनी ओळखले होते, की नुसत्या दुधापेक्षा नावाच्या गाईला धार जास्त.

इथवर वाचून कोणी म्हणेल, मग चला, आपणही ब्रँड काढू, नट्या आणू, फलक लावू. थांबायला हवे ते इथेच. त्या 32 रुपयांतले सगळेच पैसे विश्वास विकत घेत नाहीत. बरेचसे उणीव विकत घेतात. 1975 पासून ‘फेअर अँड लव्हली’ने या देशातल्या सावळ्या मुलींना काय काय सांगितले, ते आपल्या घराघरांत ऐकले गेले आहे. स्थळ आले नाही, नोकरी मिळाली नाही, दोष रंगाचा. 2020 मध्ये हिंदुस्थान युनिलिव्हरने नावातला ‘फेअर’ काढून ‘ग्लो’ घातला. पंचेचाळीस वर्षांनी एक शब्द बदलला. तोवर त्या शब्दाने उसाच्या फडात उन्हाने रापलेल्या बाईलाही आरशात स्वतःकडे अपराध्यासारखे पाहायला शिकवले होते. छोट्या पुडीतून तो संदेश ऊसतोड कामगारांच्या कोपीपर्यंत पोहोचला. शेतकरी उसाला पाणी घालतो तेव्हा कोणाच्या मनात न्यूनगंड पेरत नाही, एवढे भान नाव कमावायला निघताना हवे.

दुसरी फसगत बाटलीवरच्या चित्राची. केसांसाठी कांद्याचे तेल, चेहऱ्याला डाळिंबाचा अर्क. हे माल आज जोरात आहेत आणि कांद्याचे तेल विकणाऱ्या कंपनीच्या शेअरला बाजारात भाव येतो, त्याच आठवड्यात कांदा पिकवणारा बाजार समितीतून भाडे खिशातून भरून घरी येऊ शकतो. इंदापूरच्या डाळिंबवाल्याला हे वेगळे सांगायला नको. प्रसाधनांच्या वेष्टनावर एक टक्क्याहून अधिक असलेले घटक उतरत्या क्रमाने छापावे लागतात. काउंटरवरच्या मुलीने पुढचे चित्र पाहण्याआधी मागची बारीक अक्षरे वाचावीत. चित्रातला कांदा त्या यादीत कितव्या नंबरवर उभा आहे, ते कळेल. बाकी यादी बहुधा पाण्यापासून किंवा साध्या तेलापासून सुरू होते.

मग नाव मिळवायचा दुसरा मार्ग आहे का? तो शोधायला पॅरिसला जायला नको, कळंबच्या वालचंदनगरपर्यंत गेले तरी पुरे. इंदापूर तालुक्यातल्या माळरानावर वालचंद हिराचंद यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात साखर कारखाना उभा केला. तो कारखाना नुसती पोती भरत बसला असता तर आज त्याची आठवण एका धुराड्यापुरती उरली असती. पण साखर करता करता वालचंदनगरची माणसे साखर कारखान्यांची यंत्रे बनवायला शिकली, पुढे अणुभट्ट्यांची अवजड उपकरणे आणि इस्रोच्या अग्निबाणांचे भागही तिथे घडले. त्या नावासाठी कोणी नटी आणली नव्हती. धातूत चूक चालत नाही, या शिस्तीने ते नाव झाले. नाव म्हणजे दरवेळी तोच दर्जा, हा साधा अर्थ वालचंदनगरने याच मातीत दाखवून दिला आहे.

सहकाराकडे त्यासाठीची सगळ्यात दुर्मीळ वस्तू आधीपासून आहे. ती म्हणजे प्रश्न विचारणारा मालक. लिपस्टिक घेणाऱ्या बाईला 32 रुपये कुठे गेले हे विचारायला सभा नाही. आपल्या सभासदाला आहे, आणि तो विचारतोही. काट्याचे बोलतो, उताऱ्याचे बोलतो, साखर कोणत्या दराने कोणाला विकली ते बोलतो. माइक ओढून घेऊन बोलतो. पण आपल्या साखरेचे बाजारात नाव काय, हा प्रश्न फारसा ऐकू येत नाही. पोत्यावर कारखान्याचे नाव असते. ते पोते व्यापाऱ्याच्या गोदामात फुटते आणि नाव तिथेच संपते. मळीतून मद्यार्क निघतो, आणि अत्तराच्या फवाऱ्यातला मोठा भाग मद्यार्कच असतो. तो टँकरमध्ये भरेपर्यंत आपला, बाटलीत गेल्यावर दुसऱ्याचा.

म्हणून पाडव्याच्या निमित्ताने एवढेच सुचवावेसे वाटते. येत्या वार्षिक अहवालांत दोन नवे रकाने उघडावेत : आपल्या नावाने थेट गिऱ्हाइकाला किती माल विकला, आणि त्या नावाचा दर्जा राखण्यावर किती खर्च केला. पहिल्या वर्षी दोन्हींत शून्य दिसले तरी हरकत नाही. जे छापले जाते त्यावर सभेत बोलले जाते, आणि जे बोलले जाते ते कधीतरी करावे लागते. दोन तालुक्यांतल्या कारखान्यांनी राजकारणाचे फड वेगळे ठेवून एका नावाची, एका दर्जाची, किलोच्या पाकिटातली साखर आणली, तर त्या पाकिटामागचे सत्तर टक्के कोणाला जातात हे अभिमानाने छापता येईल. लॉरेआलला ते छापता येणार नाही.

आणि जाता जाता त्या वहीवरच्या कुंकवाबद्दल. भीमेपलीकडे, करमाळा तालुक्यातले केम हे कुंकवाचे गाव. हळदीला लाल करण्याची कला तिथल्या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली. सरकारनेही कुंकवावर जीएसटी लावलेला नाही. डबीतल्या काजळालाही तो नाही, मात्र तेच काजळ पेन्सिलीच्या रूपात आले की 18 टक्के. लिपस्टिकला जो कर लागतो, त्यातून कुंकू सुटले आहे. कर माफ झाला, पण नावही माफच झाले. पूजेचे सामान घेताना आपण ‘कुंकू द्या’ म्हणतो, ‘केमचे द्या’ म्हणत नाही. यंदा स्वस्तिक काढण्यापूर्वी पुडी उलटी करून पाहा, कुठे बनले ते लिहिले आहे का. लिहिलेले नसेल, तर आपल्या मुलखाच्या ताळेबंदातला रिकामा रकाना तो हाच.