पोराला खोटारडा म्हणण्याआधी फॉर्म बघा

आमच्याकडे पोलीस किंवा सैन्य भरतीच्या तयारीला लागलेल्या पोराला दोन सल्ले हमखास मिळतात. पहिला मोठ्या आवाजात: पहाटे उठ, पळ. दुसरा आवाज खाली करून: "मेडिकलले काही सांगजो नको."

'आमच्याकडे' म्हणजे गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिणेला, अहेरी-भामरागडच्या पट्ट्यात. आणि 'काही' म्हणजे बहुतेक वेळा एकच गोष्ट: सिकलसेल.

मी अहेरीचा. नागपूरला इंजिनिअरिंग केलं, आता पुण्यात सॉफ्टवेअर लिहितो. माझ्या सिकलसेल कार्डावर 'एएस' लिहिलंय. नोकरीला लागताना माझं रक्त कसलं आहे हे मला कोणी विचारलं नाही. मी दिवसभर खुर्चीत बसतो, त्यामुळे विचारायचं कारणही नव्हतं. माझ्यासारखंच कार्ड असलेला भामरागडचा पोरगा मात्र मैदानावर उभा राहतो तेव्हा त्या दोन अक्षरांवर त्याच्या घरातला पहिला पगार टांगलेला असतो. मग तो कार्ड घरी ठेवून जातो. आणि शहरातली शहाणी माणसं म्हणतात, "देशसेवेची सुरुवातच खोटेपणाने?"

या वाक्याची मला चीड आहे. लपवणं बरोबर आहे असं माझं म्हणणं नाही. ते चूकच आहे आणि का चूक आहे ते पुढे सांगतो. पण खरं बोलणाऱ्याला शिक्षा आणि गप्प बसणाऱ्याला बक्षीस अशी व्यवस्था उभी करायची, आणि मग पोरांच्या चारित्र्यावर प्रवचन द्यायचं, हा त्याहून मोठा खोटेपणा आहे.

आधी ती अक्षरं समजून घेऊ. हिमोग्लोबिनच्या या जनुकाची एक प्रत आईकडून येते, एक बापाकडून. दोन्ही प्रती सिकलच्या असतील तर 'एसएस', म्हणजे रुग्ण. त्याच्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, रक्तवाहिन्यांत अडकतात, असह्य वेदना होतात, रक्त कमी होतं. एकच प्रत सिकलची असेल तर 'एएस', म्हणजे वाहक. वाहक आजारी नसतो. तो शेत नांगरतो, फुटबॉल खेळतो, म्हातारा होतो. दोन वाहकांचं लग्न झालं तर प्रत्येक गरोदरपणात मूल 'एसएस' होण्याची शक्यता चारात एक असते, म्हणून त्याला आपली अक्षरं माहीत असणं गरजेचं.

हे जनुक आमच्याकडे एवढं का? १९५४ मध्ये अँथनी अ‍ॅलिसन यांनी आफ्रिकेतल्या अभ्यासातून दाखवलं की वाहकांना फाल्सिपेरम मलेरियापासून संरक्षण मिळतं. गडचिरोली हा आजही महाराष्ट्रातल्या सगळ्यात जास्त मलेरियाच्या जिल्ह्यांपैकी एक. जंगलात पिढ्यान्‌पिढ्या तापाने माणसं मरत होती, तेव्हा ज्यांच्या रक्तात ही एक प्रत होती ते तगले. आमच्या पणज्या-आज्यांना जगवणारी गोष्ट नातवाच्या भरतीत लपवायची चीज झाली आहे.

तरीही पोरांनो, लपवू नका. कारण अगदी साधं आहे: पळताना तुमच्या शरीराला खोटं बोलता येत नाही.

अमेरिकी सैन्यात १९७७ ते १९८१ या काळात मूलभूत प्रशिक्षण घेणाऱ्या जवानांचा अभ्यास १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला. कृष्णवर्णीय जवानांमध्ये सिकल वाहकांच्या, दुसऱ्या कारणाने उलगडा न होणाऱ्या अचानक मृत्यूचं प्रमाण, वाहक नसलेल्यांच्या तुलनेत सुमारे २८ पट निघालं. एकूण मृत्यू थोडे होते, पण फरक प्रचंड होता. उन्हात, पाणी न पिता, न थांबता जोर लावला की वाहकाच्याही पेशी वाकू शकतात. स्नायू आतून तुटायला लागतात, त्याचा मारा मूत्रपिंडावर होतो. बाहेरून हे सगळं दमल्यासारखं, पेटका आल्यासारखं दिसतं. ज्या उस्तादाला तुमचं कार्ड माहीत नाही तो म्हणणार, "नाटक करतोय, उठवा त्याला." ज्याला माहीत आहे तो सावलीत बसवेल, पाणी देईल, दवाखान्यात नेईल. उंच डोंगरांवरच्या विरळ हवेत वाहकाच्या प्लीहेला इजा झाल्याच्या नोंदीही आहेत. भामरागडहून निघालेल्या जवानाची बदली लडाखला होऊ शकते. तिथे त्याच्या डॉक्टरला पहिल्या मिनिटाला काय माहीत आहे, यावर खूप काही ठरतं.

कायद्याचं म्हणाल तर १९५० च्या सेना कायद्याच्या कलम ४४ नुसार भरतीच्या फॉर्मवर जाणूनबुजून खोटं उत्तर दिल्याचं उघड झालं तर पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

इथवर शहाण्या माणसांचं आणि माझं एकमत आहे. आता फॉर्मकडे येऊ.

माझ्या कामात असा डेटाबेस कोणी केला की ज्यात तीन वेगवेगळ्या किमती 'हो' आणि 'नाही' या दोन खणांत कोंबल्या आहेत, तर त्याला आम्ही बग म्हणतो. चुकीची माहिती भरली गेली म्हणून वापरणाऱ्याला शिव्या देत नाही. 'एए', 'एएस' आणि 'एसएस' या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. चौथी आहे 'कधी तपासलंच नाही'. वैद्यकीय इतिहासाचा प्रश्न मात्र 'काही आजार आहे का?' अशा साच्यातून येतो. वाहकाने काय लिहायचं? 'हो' लिहिलं तर ते खोटं, कारण त्याला आजार नाही. 'नाही' लिहिलं तर उद्या कोणी म्हणेल, लपवलं. त्याचं खरं उत्तर लिहायला त्या कागदावर जागाच नाही.

जाहिरात बघा. महाराष्ट्र पोलीस भरतीत पुरुषांसाठी उंची १६५ सेंटिमीटर, छाती ७९, फुगवून ५ जास्त, धावायचं १६०० मीटर, सगळं सेंटिमीटर-सेकंदात. रक्ताचा विषय आला की सगळं 'वैद्यकीयदृष्ट्या पात्र' या दोन शब्दांत गुंडाळलेलं. वाहक चालतो की नाही, हे पोराला सरळ मराठीत कुठे वाचायला मिळत नाही. जिथे नियम लिहिलेला नसतो तिथे अफवा नियम होते. अफवा म्हणते: कार्ड दाखवलं की बाद.

आता यातली सगळ्यात वाकडी गोष्ट. धरमवीर सिंग नावाच्या जवानाचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला होता. तो १९८५ मध्ये भरती झाला, नंतर फिट्सच्या आजारामुळे त्याला घरी पाठवलं आणि अपंगत्व पेन्शन नाकारली. २०१३ मध्ये न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. तर्क असा: भरतीच्या वेळी आजाराची नोंद केलेली नसेल तर माणूस धडधाकट होता असंच धरायचं, आणि आजार सेवेमुळे नाही हे सिद्ध करायची जबाबदारी सरकारची. निकाल उत्तमच आहे, हजारो जवानांना त्याचा आधार आहे. पण भामरागडच्या वाहकाच्या जागी उभं राहून तो वाचा. गप्प बसला तर 'नोंद नाही' ही त्याची ढाल. खरं बोलला आणि तरी घेतलं, तर ती नोंदच उद्या त्याच्याविरुद्ध उभी राहू शकते: "हे तर तुझं आधीपासूनचं." खरं बोलण्याची किंमत भरतीच्या दिवशी एकदा आणि पेन्शनच्या दिवशी पुन्हा. असा हिशोब समोर असताना कोणता बाप पोराला 'सांग' म्हणेल?

अग्निवीराचं आणखी कठीण आहे. चार वर्षांची नोकरी, त्यातले २५ टक्के पुढे कायम. त्याला अपंगत्वाची भरपाई मिळते ती इजा सेवेमुळे झाली किंवा बळावली असं मानलं गेलं तरच.

आणि 'एसएस' असलेल्या पोराचं काय? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत सिकलसेल आजार आहे. पण त्याच कायद्यातलं सरकारी नोकरीतलं चार टक्के आरक्षण ज्या प्रकारांना लागू आहे, त्यांत एकट्या सिकलसेलला जागा नाही. म्हणजे दिव्यांग म्हणून कागद आहे, त्या कागदावर नोकरी नाही. वाहक तर दिव्यांगही नाही. भामरागडला इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतम भेटतात. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की गावाचा संपर्क तुटतो. त्या गावातल्या पोराला "वर्दी नाही तर दुसरं काही कर" म्हणणाऱ्याने ते दुसरं काही कुठे आहे तेही सांगावं.

कोणी म्हणेल, सुरक्षा दलात दया-माया नको. धोका असेल तर सरळ बाद करा. अमेरिकेच्या वायुसेना अकादमीने हेच केलं होतं, वाहकांना दार बंद. १९८१ मध्ये तो नियम मागे घ्यावा लागला. पुढे पाणी, उन्हाची हळूहळू सवय आणि विश्रांतीचे नियम सगळ्याच जवानांना लावले गेले. २०१६ मध्ये सुमारे ४८ हजार कृष्णवर्णीय सैनिकांचा अभ्यास आला. त्यात वाहकांचा मृत्यूचा धोका इतरांपेक्षा जास्त आढळला नाही. श्रमाने स्नायू तुटण्याचा धोका मात्र ५४ टक्क्यांनी जास्त होता. या दोन्ही आकड्यांतून मी एवढंच घेतो: वाहकाला सैन्यात घेता येतं, आणि तो वाहक आहे हे माहीत असणं तरीही लागतं.

पाणी आणि विश्रांतीचे नियम फक्त वाहकांसाठी नाहीत. २०२४ मध्ये झारखंडमधल्या उत्पादन शिपाई भरतीत दहा किलोमीटर पळताना आणि त्यानंतर किमान ११ उमेदवार गेले. त्यांना सिकलसेल होता असं मी म्हणत नाही. मैदान नीट ठेवलं नाही तर कुठलंही रक्त पुरत नाही, एवढंच म्हणतो.

आता सरकारच्या स्वार्थाचं बोलतो. १ जुलै २०२३ ला शहडोलमधून सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं. ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी, २०४७ पर्यंत निर्मूलन. हे सगळं एका गोष्टीवर उभं आहे: पाड्यावरच्या माणसाने बोट पुढे करणं. ज्या दिवशी गावात खात्री पटेल की बोट टोचलं की पोराची वर्दी जाते, त्या दिवसापासून तपासणीची गाडी रिकामी परतेल. भरतीच्या टेबलावर लपवलेलं कार्ड लग्नाच्या बोलणीतही लपेल. मग चारात एक हे गणित पाळण्यात उतरेल.

म्हणून मागण्या सरळ आहेत. जाहिरातीत 'एएस' आणि 'एसएस' यांचा नियम वेगवेगळा आणि मराठीत छापा. नुसतं वाहक असणं हे बाद करायचं कारण नाही, असं लिहून द्या. तपासणी सरकारी खर्चाने पळण्याआधी करा, नंतर नको, आणि निकाल उमेदवाराला एकट्याला बोलावून सांगा. ज्याने स्वतःहून सांगितलं त्याची नोंद पुढे पेन्शन नाकारायला वापरणार नाही, अशी हमी नियमात घाला. अभियानाचा डेटा त्या माणसाच्या संमतीशिवाय भरती मंडळाकडे जाऊ देऊ नका. एचआयव्हीच्या बाबतीत २०१७ च्या कायद्याने नोकरीसाठी चाचणीची अट घालायलाच मनाई केली. म्हणजे संसदेला मनात आणलं तर माणसाच्या रक्ताची अब्रू राखता येते.

आणि तयारी करणाऱ्या दोस्ता, हे सगळं होईपर्यंत तू काय करायचंस? आधी तुझी अक्षरं नीट माहीत करून घे. साध्या सोल्युबिलिटी चाचणीतून फक्त सिकल आहे की नाही एवढंच कळतं. 'एएस' की 'एसएस' ते इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसीवर कळतं. तो रिपोर्ट हातात घे. मेडिकलला विचारलं तर 'आजार नाही, वाहक आहे' असं पूर्ण वाक्य सांग, लिहून दे, आणि दिलेल्या कागदाची प्रत स्वतःकडे ठेव. बाद केलं तर कारण लेखी माग. तोंडी 'नाही' घेऊन घरी येऊ नकोस. एकट्याचं तोंडी 'नाही' गावात अफवा होऊन फिरतं. पन्नास पोरांची लेखी कारणं एकत्र आली तर त्यांची याचिका होते.