गुणांविना विचारलेले पाच प्रश्न

राज्याचा दहावीचा निकाल 2018 मध्ये 89.41 टक्के लागला होता. 2019 मध्ये तो एकदम 77.10 टक्क्यांवर आला. अभ्यासक्रम नवा होता, आणि भाषा व सामाजिक शास्त्रांचे शाळेच्या हातातले अंतर्गत गुणही त्या वर्षी बंद झाले होते. अकरावीच्या प्रवेशात आपली मुले इतर मंडळांच्या मुलांपुढे मागे पडतील, अशी ओरड झाली. अंतर्गत गुण परत आले आणि 2020 चा निकाल 95.30 टक्के लागला. (करोनामुळे त्या वर्षी भूगोलाचा पेपर झालाच नव्हता, हेही ध्यानात घ्यायला हवे.) गुण असावेत म्हणणारे आणि नसावेत म्हणणारे, दोघेही त्या वेळी बोलत होते ते निकालाबद्दल. वर्षभर शिकवलेल्या इतिहासातले मुलांच्या डोक्यात काय उरले आणि ते शिक्षकाला कसे कळावे, ही चर्चा बाजूलाच राहिली. माझे म्हणणे असे की, इतिहासाच्या वर्गात मूल्यमापनाचे सर्वांत मोलाचे काम गुण न देताच होते. पुस्तक मिटून, काही दिवसांच्या आणि काही महिन्यांच्या अंतराने, आधी शिकलेले मुलांना आठवायला लावायचे आणि त्या उत्तरांवरून पुढचा तास ठरवायचा, एवढेच ते काम आहे.

आज आपण काय विचारतो ते आधी पाहू. दहावीच्या इतिहासाच्या पहिल्याच धड्याच्या स्वाध्यायात चुकीची जोडी ओळखायची आहे. हेगेल, रांके, हिरोडोटस आणि मार्क्स या चौघांच्या नावांपुढे ग्रंथांची नावे आहेत, आणि मार्क्सपुढे देकार्तचा ग्रंथ दिला आहे. गाईडमध्ये ही जोडी दहादा डोळ्यांखालून गेलेला मुलगा क्षणात उत्तर देतो. पण रांकेने मूळ कागदपत्रांवर एवढा भर का दिला, हे त्याला सांगता येईलच असे नाही, कारण प्रश्नाला त्याची गरजच नाही. समोर दिलेल्या नावांतून ओळखीचे नाव उचलणे आणि कोऱ्या कागदावर स्वतः आठवून लिहिणे, या दोन फार वेगळ्या क्रिया आहेत. टिपा लिहा किंवा विधान सकारण स्पष्ट करा, हे प्रश्न त्या मानाने चांगले आहेत. पण त्यांची उत्तरेही अपेक्षित प्रश्नसंचातून, मुद्द्यांच्या संख्येसह, जशीच्या तशी तयार मिळतात. परीक्षेच्या आदल्या रात्री ती वाचली जातात, दुसऱ्या दिवशी उतरवली जातात आणि मे महिन्यापर्यंत पुसली जातात. म्हणून मुलांना आळशी म्हणणे अन्यायाचे आहे. वाचलेले पुन्हा वाचणे म्हणजे अभ्यास, हे त्यांना मोठ्यांनीच शिकवले.

पुन्हा वाचण्याने काय होते, हे नीट तपासले गेले आहे. अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातील हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी 2006 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी एक उतारा दोनदा वाचला, तर दुसरा उतारा एकदा वाचून नंतर न पाहता आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी पाहिले तेव्हा दोनदा वाचलेल्या उताऱ्यातले 81 टक्के आठवत होते, लिहून काढलेल्यातले 75 टक्के. आठवड्याने मात्र चित्र उलटे झाले. दोनदा वाचलेल्यातले 42 टक्केच उरले होते आणि एकदा वाचून आठवलेल्यातले 56 टक्के. याच अभ्यासाच्या दुसऱ्या भागात ज्यांनी उतारा पुन्हापुन्हा वाचला, त्यांनाच आपल्या लक्षात जास्त राहील अशी खात्री वाटत होती. ही खात्री मला टक्केवारीपेक्षा महत्त्वाची वाटते. आपल्याला येते असे मुलाला मनापासून वाटत असते आणि पेपर हाती पडेपर्यंत त्या समजाची परीक्षाच होत नाही.

हा प्रयोग महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर आणि तोही प्रयोगशाळेत झालेला, असे कोणी म्हणेल. पण शाळेतल्या इतिहासाचाच पुरावाही उपलब्ध आहे. शाना कार्पेंटर, हॅरल्ड पॅशलर आणि निकोलस सेपेडा यांनी आठवीच्या विद्यार्थ्यांना अमेरिकेच्या इतिहासातल्या काही गोष्टी एका आठवड्याने, तर काही सोळा आठवड्यांनी पुन्हा दिल्या. त्यातल्या काही प्रश्न विचारून आणि लगेच बरोबर उत्तर सांगून, काही नुसत्या वाचायला देऊन. उरलेल्या गोष्टींची उजळणी केलीच नाही. नऊ महिन्यांनी सगळ्यांवर परीक्षा घेतली. जे विचारले होते ते वाचायला दिलेल्यापेक्षा चांगले टिकले होते, आणि ज्याची उजळणीच झाली नव्हती त्याच्या जवळजवळ दुप्पट. सर्वांत चांगले टिकले ते सोळा आठवड्यांनी विचारलेले. आपल्या शाळेच्या वर्षात याचा अर्थ सरळ आहे. जूनमध्ये शिकवलेला धडा घटक चाचणीनंतर मिटून न ठेवता ऑक्टोबरात, दिवाळीच्या सुट्टीआधी, पुन्हा विचारायचा. तोवर तो बराचसा विसरलेला असेल, आणि विसरू लागलेले ओढून आणण्याच्या त्या श्रमातच लाभ आहे.

यावर सर्वांत गंभीर आक्षेप येतो तो इतिहासावर प्रेम करणाऱ्यांकडून. सनावळ्या घोकून घेण्याच्या खोड्यातून हा विषय मोठ्या कष्टाने बाहेर काढला, आता पुन्हा तिकडेच नेता का, असे ते विचारतात. त्यांची भीती मी हलकी मानत नाही. मात्र एक उदाहरण घेऊ. शिवाजी महाराजांच्या 1674 च्या राज्याभिषेकाबद्दलचे तीन वृत्तांत मुलांसमोर ठेवले: त्या सोहळ्याला हजर असलेल्या हेन्री ऑक्झिंडेन या इंग्रज वकिलाचे, महाराजांच्या निधनानंतर वीस वर्षांच्या आत, राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत जिंजीला लिहिलेल्या सभासद बखरीतले, आणि एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मल्हार रामराव चिटणिसांनी लिहिलेल्या बखरीतले. कोणावर कशासाठी विसंबायचे, असे विचारले. हा प्रश्न खऱ्या इतिहासाचा आहे. ऑक्झिंडेन डोळ्यांनी पाहत होता, पण ईस्ट इंडिया कंपनीच्या व्यापारासाठी सवलती मिळवायला आला होता. सभासद दरबारातला माणूस होता. चिटणिसांनी लिहिले तोवर सव्वाशेहून अधिक वर्षे उलटली होती. आता ज्या मुलीला राज्याभिषेक कधी झाला, महाराज कधी गेले, राजाराम जिंजीला का गेले, हे आठवत नाही, तिने हा विचार कशाच्या आधारे करावा? मोबाइलवर सन सापडेल. पण हे अंतर खटकायला हवे, हे तिच्या मनात कुठून येणार? सनावळी नको म्हणताना आपण पुष्कळदा काळाचे भानच काढून घेतले आणि त्या जागी आपले मत लिहा असा प्रश्न ठेवला.

मात्र हेही तितकेच खरे की, तथ्ये आठवली म्हणून विचार आपोआप येत नाही. पूजा अगरवाल यांच्या 2019 च्या संशोधनात नेमके हेच दिसले. केवळ माहितीचे प्रश्न विचारलेल्या मुलांची वरच्या पातळीच्या प्रश्नांतली कामगिरी सुधारली नाही. वरच्या पातळीचे किंवा दोन्ही प्रकारचे मिसळून प्रश्न विचारले तेव्हा ती सुधारली. म्हणून नुसते सन विचारणारा शिक्षकही चुकतो आणि नुसते मत विचारणाराही. आठवायला लावायचे ते घटना, तिचे कारण आणि ते कशावरून कळते, हे तिन्ही.

सविनय कायदेभंगाचा धडा झाल्यावर दोन आठवड्यांनी काय विचारता येईल, ते पाहू. शिक्षक फळ्यावर चार घटना उलटसुलट क्रमाने लिहितात: सोलापुरात लष्करी कायदा, दांडीला मिठाचा कायदा मोडणे, गांधीजींची अटक, सोलापूरच्या चौघांना फाशी. वह्यांच्या मागच्या पानावर मुलांनी क्रम लावायचा आणि प्रत्येक दोन घटनांच्या मध्ये ‘म्हणून’ घालून एक वाक्य लिहायचे. दांडीची घटना 6 एप्रिल 1930 ची, अटक 5 मेची. त्या अटकेच्या निषेधार्थ सोलापुरात हरताळ आणि मोर्चे, पोलिसांचा गोळीबार, शहर लोकांच्या हाती जाते असे दिसल्यावर लष्करी कायदा. आणि 12 जानेवारी 1931 ला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकृष्ण सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना येरवड्यात फाशी. तारीख एकालाही आठवली नाही तरी हरकत नाही. पण एखाद्याने लष्करी कायदा अटकेच्या आधी लावला असेल, तर त्याची गाठ कुठे सुटली हे बाईंना बाकांमधून एक फेरी मारताच दिसते. वर्गातल्या निम्म्या वह्यांत तीच चूक असेल, तर दोष मुलांचा नाही. ती साखळी पुन्हा सांगायला हवी. सहामाहीचे पेपर तपासून ही चूक सापडते तेव्हा धडा मागे पडलेला असतो आणि पोर्शन पुढे धावत असतो.

पोर्शनचा मुद्दा निघणारच. तास पस्तीस मिनिटांचा, वर्गात साठ-साठ मुले, त्यात निवडणुकीची आणि सर्वेक्षणाची कामे. हे सारे खरे आहे, आणि म्हणूनच ही पद्धत पाच मिनिटांपलीकडे जाता कामा नये. दोन प्रश्न कालच्या धड्याचे, दोन गेल्या महिन्याचे, एक पहिल्या सत्रातला किंवा मागच्या इयत्तेतला. उत्तरे शिक्षकांनी फळ्यावर सांगायची आणि मुलांनी आपली आपण तपासायची. गठ्ठे घरी न्यायचे नाहीत. आज धडा सुरू करताना मागचे काही आठवत नाही म्हणून जो वेळ जातो, त्यातून ही पाच मिनिटे सहज निघतील.

रोज चाचणी म्हटले की मुले धास्तावतील, ही पालकांची काळजीही समजण्यासारखी आहे. भीती असते ती चुकले तर काय होईल याची, म्हणून गुण काढून टाकणे इथे कळीचे आहे. अगरवाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1,408 शालेय विद्यार्थ्यांना विचारले तेव्हा वर्गातल्या अशा सरावामुळे परीक्षेची धाकधूक कमी झाली, असे 72 टक्क्यांनी सांगितले. गुण नसतील तर मुले मनावर घेणार नाहीत, असे उलट बाजूने म्हटले जाते. सुरुवातीचे काही दिवस तसे होईलही. पण काल न आलेले उत्तर आज आले, हे ज्या मुलाला स्वतःला दिसते, त्याला दुसरे बक्षीस फारसे लागत नाही. एका गोष्टीची काळजी मात्र घ्यावी लागेल. उत्तर न आलेल्याला उभे करून वर्गासमोर लाजवले, तर ही सगळी पद्धत पहिल्याच आठवड्यात मोडेल.

माझी खरी चिंता वेगळीच आहे. राज्यात 2010 पासून पहिली ते आठवीला सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. शिकवता शिकवता मुलाचे शिकणे जोखायचे, ही त्यातल्या आकारिक मूल्यमापनाची कल्पना अतिशय चांगली होती. प्रत्यक्षात अनेक शाळांत तिचे रूपांतर नोंदवह्यांत झाले. वर्णनात्मक नोंदी कशा लिहाव्यात याचे तयार नमुने फिरू लागले आणि मुलाकडे पाहायला हवा तो वेळ रकाने भरण्यात गेला. नववी-दहावीच्या अंतर्गत गुणांचेही बऱ्याच ठिकाणी तेच होते: गृहपाठाची वही पूर्ण असली की गुण पूर्ण. या पाच प्रश्नांसाठी उद्या वरून एखादे परिपत्रक आले, त्याचा तक्ता आला, तो ऑनलाइन भरायचा झाला, की तेही तसेच संपेल.

म्हणून मुख्याध्यापकांना आणि विस्तार अधिकाऱ्यांना विनंती आहे. इतिहासाच्या तासाची पहिली पाच मिनिटे शिक्षकांना द्या आणि त्यांची कोणतीही नोंद मागू नका. तपासणीला आलात, तर वर्गात शेवटच्या बाकावर बसा, फळ्यावरचे पाच प्रश्न वाचा आणि शेजारच्या मुलाच्या वहीचे मागचे पान पाहा.