जुन्या स्पोर्ट्स कारचे दोन भाव : अस्सल कागद की बखर?

१/ एमजी, ट्रायम्फ, जग्वार अशा जुन्या स्पोर्ट्स कारला बाजारात दोन भाव असतात. मालकाकडून थेट घेतली तर एक, विक्रेत्याकडून घेतली तर त्याहून चढा. मधला फरक म्हणजे निव्वळ दलाली, असा समज आहे. तो अपुरा आहे. त्या फरकात पुराव्याची किंमतही असायला हवी.

२/ ८ मार्च १९४८ रोजी भोर संस्थान विलीन झाले. वेल्हे परिसरातील राजगड आणि प्रचंडगड, म्हणजे तोरणा, ही नावे या संस्थानच्या तालुक्यांची होती. विलीनीकरणाच्या करारांनी राजाची खासगी मालमत्ता आणि संस्थानची मालमत्ता यांत भेद केला. दरबाराच्या दिमतीची मोटार नेमकी कोणाची, हा कोणत्याही संस्थानातला प्रश्न कागदाशिवाय सुटणारा नव्हता.

३/ पुढे मोटारींच्या आयातीवर कडक निर्बंध आले. वकिलातींनी वापरलेल्या परदेशी गाड्या राज्य व्यापार महामंडळामार्फत विकल्या जात. म्हणजे सरकारच जुन्या गाड्यांचा विक्रेता होते. देशी गाडीसाठी वर्षानुवर्षे प्रतीक्षा असे. त्यामुळे हाती असलेली जुनी गाडी कित्येकदा नव्या गाडीच्या अधिकृत किमतीहून महाग पडे.

४/ आजचा हिशोब वेगळा आहे. दोन व्यक्तींमधील खासगी विक्रीवर जीएसटी नाही. नोंदणीकृत विक्रेत्याला मात्र आपल्या नफ्यावर १८ टक्के कर भरावा लागतो. समजा, १० लाखांत घेतलेली गाडी त्याने कर वगळून १३ लाखांना विकली; कर ३ लाखांवर, म्हणजे ५४ हजार. उरलेल्या वाढीचे समर्थन विक्रेत्यानेच करायला हवे.

५/ ते समर्थन काही वेळा रास्त असते. दुरुस्ती, सुटे भाग, नाव हस्तांतराची खटपट आणि विक्रीनंतरची जबाबदारी यांना मोल आहे. परंतु चकाकणारा रंग म्हणजे पुरावा नव्हे.

६/ २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार, पहिल्या नोंदणीला ५० वर्षे उलटलेली आणि मूळ स्वरूपात राखलेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये आहे. क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. रोजच्या किंवा व्यावसायिक वापराला मात्र परवानगी नाही. म्हणजेच अस्सलपणाला आता कायद्यानेही किंमत दिली आहे.

७/ वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड प्रसिद्ध केला, तेव्हा त्यांचा भर अस्सल पत्रांवर होता, मागाहून रचलेल्या बखरींवर नव्हे. मोटारीलाही हीच कसोटी लावावी. नोंदणीपुस्तक, कराच्या पावत्या, विम्याची पत्रे, गॅरेजची बिले हे अस्सल कागद. ‘ही गाडी अमुक महाराजांची’ ही विक्रेत्याची कथा म्हणजे बखर. चासी आणि इंजिनाचे क्रमांक कागदांशी जुळेपर्यंत बखरीचे पैसे देऊ नयेत.

८/ खरी हानी ग्राहकाच्या खिशापुरती नसते. भोरमधील एखाद्या वाड्याच्या पडवीतली गाडी कागद रद्दीत टाकून विकली गेली, तर मालकाला भाव कमी मिळतो आणि त्या गाडीचा प्रदेशाशी असलेला संबंध कायमचा तुटतो. पुढचा विक्रेता तिला नवा रंग देईल, नवी कथाही देईल; तिचा भूतकाळ मात्र परत देऊ शकणार नाही. म्हणून कागदांसह मिळणारी मालकाची गाडी श्रेष्ठ. विक्रेत्याचा चढा भाव मोजावा तो कागद पुरे असतील आणि कामाची जबाबदारी तो लेखी घेत असेल, तरच.