धुराला खरे माप

बारडोलीचे नाव घेताच सन 1928 चा सत्याग्रह आठवतो. वल्लभभाईंना ‘सरदार’ हे नाव त्याच लढ्याने मिळाले, हे शाळेतील मुलेही सांगतील. परंतु त्या तंट्याचे मूळ मापात होते, हे सहसा कोणी सांगत नाही. सरकारने शेतसारा शेकडा 22 ने वाढविला तो जमिनींच्या खंडाच्या आकड्यांवर विसंबून. आणि ते आकडे कोणी नीट तपासलेच नव्हते. पुढे ब्रूमफील्ड व मॅक्सवेल या अधिकाऱ्यांनी गावोगाव फिरून चौकशी केली, तेव्हा शेकडा सुमारे 6 एवढीच वाढ योग्य ठरली. माप खोटे असले की न्यायही खोटा होतो, हा बारडोलीचा धडा होय.

त्याच सुरत जिल्ह्यात आपल्या काळात दुसऱ्या एका मापाचा प्रश्न उभा राहिला. तो धुराच्या मापाचा. आपल्या घरातील कितीतरी साड्या सुरतेच्या गिरण्यांत रंगतात व छापल्या जातात. त्यासाठी लागणारी वाफ कोळसा जाळून काढतात, आणि धुराड्यातून निघणारे सूक्ष्म धूलिकण श्वासावाटे थेट फुप्फुसांत उतरतात. गिरणी बंद करावी, तर मजुराची चूल विझते; ती तशीच धुरावू द्यावी, तर त्याच मजुराचे मूल खोकत राहते. मग करावे तरी काय?

धूर किती दाट असावा याचा कायदा होताच. शिवाय गुजरातेत पुष्कळ कारखान्यांना बाहेरच्या तपासनिसाकडून दरवर्षी तपासणी करून घ्यावी लागे. पण तपासनीस निवडणार कारखानदार आणि त्याची फी देणारही तोच! ज्याचे मीठ खावे त्याच्याविरुद्ध साक्ष कोण देणार? इस्थर डुफ्लो, मायकल ग्रीनस्टोन, रोहिणी पांडे व निकोलस रायन या अर्थशास्त्रज्ञांनी 2009 पासून दोन वर्षे अहमदाबाद व सुरत येथे एक प्रयोग केला. काही कारखान्यांना तपासनीस चिठ्ठ्या टाकून नेमून दिले, त्यांची फी सामाईक निधीतून दिली आणि त्यांच्या कामाची फेरतपासणी ठेविली. नियमभंग झाकणारे खोटे अहवाल शेकडा 80 ने घटले. नवल असे की, धूरही कमी झाला.

पुढे 2019 साली गुजरात प्रदूषण नियंत्रण मंडळाने सुरतेत एक बाजार उघडला. धूलिकणांसाठी असा बाजार जगात प्रथमच भरत होता. धुराड्यांवर सतत नोंद घेणारी यंत्रे बसली. सर्व गिरण्यांनी मिळून किती धूलिकण सोडावेत याची एक मर्यादा ठरली, आणि तेवढ्याचेच परवाने वाटले गेले. जिने धूर स्वस्तात कमी केला, ती गिरणी उरलेले परवाने विकी; जिला ते जमले नाही, ती ते विकत घेई. एकूण बेरीज मात्र मर्यादेबाहेर जाऊ द्यायची नव्हती. अभ्यासासाठी घेतलेल्या 317 गिरण्यांपैकी सुमारे निम्म्या चिठ्ठ्या टाकून या बाजारात आणल्या होत्या. ग्रीनस्टोन, पांडे, रायन व अनंत सुदर्शन यांनी दोहोंची तुलना केली, तेव्हा बाजारातील गिरण्यांचे धूलिकण शेकडा 20 ते 30 कमी भरले; आणि धूर आवरण्याचा खर्चही घटला. गिरण्या चालू राहूनही हवा सुधारू शकते, याचा हा पुरावा.

येथे भाविक मनात एक शंका उठते. हवा ही देवाची देणगी. ती मलिन करण्याचा परवाना विकत कसा घेता येईल? शंका रास्त आहे. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी 2015 च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात कर्बवायूच्या अशाच व्यापाराबद्दल सावध केले होते. त्यातून नवी सट्टेबाजी माजेल आणि राहणी बदलण्याचे खरे काम मागे पडेल, अशी त्यांना भीती होती. भारत सरकारनेही 2023 साली कर्बवायूच्या व्यापाराची योजना जाहीर केली असल्यामुळे हा इशारा आपण विसरता कामा नये. परवान्याची खरेदी-विक्री हे केवळ साधन होय. खरा नैतिक प्रश्न एकूण मर्यादेचा आहे. ती दरसाल आवळली जात असेल आणि माप खरे असेल, तरच हे साधन गरिबाच्या उपयोगी पडेल. नाही तर पैसेवाल्याला धूर सोडण्याची ती केवळ मुभा ठरेल.

वाचकहो, सुरतेची धुराडी आपल्या गावापासून दूर असतील, पण खोटे माप दूर नाही. खाडीतून उपसलेली वाळू कोण मोजतो? विहिरीचे पाणी कोण तपासतो, आणि त्याची फी कोण देतो? पतपेढीचे हिशेब कोण पाहतो? धर्मग्रामाच्या हिशेबालाही हाच प्रश्न विचारावा. त्यात धर्मगुरूने राग मानण्याचे कारण नाही. येत्या ग्रामसभेत यांपैकी एक तरी प्रश्न प्रत्येक घराने उभे राहून विचारावा. मोजणारा ज्याचे मोजतो त्याचा मिंधा नसावा, एवढी दक्षता गावाने घेतली, तरी पुष्कळ अन्याय उगवण्यापूर्वीच खुडला जाईल.