फलकावरची जात

सहाध्यायाला जेईईतील क्रमांक विचारू नका, त्यातून जात चाचपली जाते, असे आयआयटी मुंबईने २०२३ साली आपल्या विद्यार्थ्यांना बजावले. योग्यच झाले. परंतु ज्या विद्यापीठाच्या फलकावर प्रवेशयादीत नावापुढे प्रवर्गही छापलेला असतो, तेथे कुणी विचारायचे तरी कशाला? पहिल्या तासाआधीच मुलीची जात वर्गभर ठाऊक झालेली असते! खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २०१७ मध्ये एकमुखाने दिला. तो हक्क प्रवेशअर्जासोबत जमा करायचा असतो काय? यादी पारदर्शक हवी, असे कुलसचिव म्हणतील. मान्य. मग अर्जक्रमांक, गुण, प्रवर्ग खुशाल छापा. नाव तेवढे गाळा. ज्याला शंका असेल, त्याने कार्यालयात लेखी तक्रार करावी.