अमरावतीत पाहायचे काय?

नाताळची सुटी जवळ आली की अकोल्यातील सुशिक्षित घरांना पुण्याचे वेध लागतात. सवाई गंधर्व महोत्सव हुकला तरी बालगंधर्व रंगमंदिरातील एखादे नाटक पदरात पडतेच. त्यात वावगे काही नाही. वावगा आहे तो सोबतचा तुच्छतेचा सूर : ‘अमरावतीत काय ठेवले आहे?’ ज्या शहरात मामा-मावशीकडे बालपणीच्या सुट्या गेल्या, त्याविषयी हा प्रश्न!

श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली येथेच उभे राहिले; त्याच्या पथकाने १९३६ मध्ये बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखविली. विदर्भ साहित्य संघाचा जन्मही इथलाच, १९२३चा. आणि सुटीच्या तोंडावरच २० डिसेंबर येतो. १९५६ साली याच दिवशी गाडगेबाबांनी अमरावतीजवळ देह ठेवला. त्यांची समाधी शहरातच आहे. दिवसा खराट्याने गाव झाडणारा आणि रात्री प्रश्न विचारून श्रोत्यांच्याच तोंडून उत्तर वदवून घेणारा हा कीर्तनकार वऱ्हाडी बोलीत बोलत असे. त्याच बोलीतला एखादा शब्द आज मुलाच्या तोंडून निघाला, की सुसंस्कृत म्हणविणारे आईबाप डोळे वटारतात! मग त्या मुलाला समाधीपाशी नेऊन सांगणार तरी काय?

दोष एकट्या पालकांचा नाही. कार्यक्रमाची पत्रिका ठरावीक चार घरांतच पोहोचविणारे आयोजकही त्यात वाटेकरी आहेत.

अकोल्याहून बडनेरा रेल्वेने जेमतेम दीड तास. या तिकिटासाठी दोन महिने आधीपासून धडपडावे लागत नाही.