हजेरीपटावर तिचे नाव हवे

भिवंडी परिसरातल्या दगडखाणींत खडी फोडणारी, वाहणारी बाई राबते. मजुरी मात्र अनेकदा जोडप्याची म्हणून नवऱ्याच्या हाती पडते. प्रत्येक कामगाराची नोंद ठेवणे 1952च्या खाण कायद्याने बंधनकारक केले. उघड्या खाणीचा कडा पायऱ्या पाडत उतरवावा, खालून पोखरू नये, असे 1961च्या नियमांनी सांगितले. तरी दरड कोसळली की म्हणतात, नशीब! पोखरलेला कडा नशिबाने नव्हे, मालकाच्या काटकसरीने कोसळतो. जिची नोंदच नाही, तिच्या मृत्यूचा जाब कोण मागणार? जाब द्यावा लागेल तेव्हाच कडा नीट उतरवला जाईल. म्हणून मला वाटते, हेल्मेटइतकेच हजेरीपटावरचे नाव हेही सुरक्षेचे साधन आहे. मैत्रिणींनो, मजुरीच्या दिवशी आधी आपले नाव विचारू या.